उदाहरण कोणी व्हायचे?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात जुलै महिन्यात जी मुले-मुली येऊन बसतात, ती या विषयाच्या ओढीने आलेली असतात, असे मानणे हा आम्हा शिक्षकांचा लाडका समज आहे. बारावीला विज्ञान घ्यायचे तर क्लासचे पैसे लागतात, अभियांत्रिकीला त्याहून कितीतरी जास्त लागतात, वाणिज्य शाखेला निदान शहरातल्या नोकरीची आशा लागते. हे सगळे वजा होत होत जी मुले उरतात त्यांतली पुष्कळशी कला शाखेत येतात, आणि तिथेही इंग्रजी किंवा अर्थशास्त्र ‘तुला झेपणार नाही’ असे ज्यांना कोणीतरी वेळीच सांगून ठेवलेले असते, ती मराठी, इतिहास, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्राकडे वळतात. त्यांतल्या अनेकांना एम.ए.पेक्षा शहरात राहण्याचे निमित्त हवे असते. वसतिगृहात खोली मिळावी, अभ्यासिकेत जागा मिळावी, स्कॉलरशिप खंडित होऊ नये आणि त्या दोन वर्षांत राज्यसेवेची एखादी पूर्वपरीक्षा निघावी, असा तो हिशेब असतो, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही. त्याच वर्गात मोजकी काही मुले अशीही असतात, ज्यांनी पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांतून इंग्रजीत बी.ए. केलेले असते, विषय कोणता घ्यावा यावर ज्यांच्या घरी निवांत चर्चा झालेली असते आणि ज्यांना पुढे परदेशी जायचे असते. पहिले व्याख्यान सुरू होण्याआधीच सामाजिक स्तरीकरणाचा धडा वर्गात येऊन बसलेला असतो.

इतर विषयांच्या शिक्षकांना विद्यार्थ्याची जात आणि त्याचे घर वर्गाबाहेर ठेवल्याचा बहाणा तरी करता येतो. (प्रयोगशाळेत उपकरण आधी कोणाच्या हाती जाते ते पाहिले, तर तो बहाणाच आहे हे कळते.) आमच्या विषयात ती सोय नाही. फळ्यावर ‘भूमिहीन शेतमजूर’ असा प्रवर्ग लिहिला की तो समोरच्या कोणाच्या तरी आईचा व्यवसाय असतो. हंगामी स्थलांतर समजावून सांगताना पुढे बीड जिल्ह्यातला असा मुलगा बसलेला असतो, ज्याचे आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन आजही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि ज्याने स्वतः लहानपणचे कित्येक हिवाळे साखर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, काढलेले असतात. प्रभुत्वशाली जातीची, म्हणजे संख्या, जमीन आणि सत्ता यांच्या बळावर गावावर वर्चस्व ठेवणाऱ्या जातीची, संकल्पना समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्याच्या अभ्यासातून मांडली; ती शिकवताना वर्गातल्या अनेकांना आपल्या गावचे सरपंच आठवतात आणि काहींना आपले सख्खे काका.

हे ओळखून शिकवण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत, आणि तेही मोठ्या ताकदीचे. मंडल आयोगाच्या शिफारशींनंतरच्या काळात विद्यापीठांमधल्या वर्गांची घडण बदलू लागली, तेव्हा पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी असा आग्रह धरला की वर्गात काय शिकवायचे एवढेच नव्हे, तर कसे शिकवायचे हेसुद्धा फुले-आंबेडकरांच्या विचारांतून ठरवले पाहिजे. रेगे २०१३ मध्ये पन्नाशीच्या आतच गेल्या. त्यांच्या विद्यार्थिनींनी आणि सहकाऱ्यांनी हे काम पुढे चालू ठेवले असले, तरी त्यांचा आग्रह इतरत्र पोहोचता पोहोचता फार सोपा होऊन पोहोचला. अनेक ठिकाणी त्याचे रूपांतर ‘तुमचे अनुभव सांगा’ या एका वाक्यात झाले. ते वाक्य ऐकायला लोकशाहीवादी वाटते, पण ते उच्चारताना शिक्षकाची नजर वर्गातल्या सगळ्यांवर सारखी फिरत नाही. ती काही ठरावीक बाकांवरच थांबते.

एकदा आमच्या विभागात पाहुणे व्याख्याते आले होते. विषय होता जातपंचायत आणि सामाजिक बहिष्कार. महाराष्ट्राने २०१६ मध्ये बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला, त्याची त्यांनी छान मांडणी केली आणि मग वर्गात भटक्या जमातींमधले कोणी आहे का, असे विचारून एका मुलीला उभे केले. तिने तिच्या समाजातल्या पंचायतीबद्दल चार शब्द सांगावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. मुलगी म्हणाली की तिने पंचायत कधी पाहिलेली नाही. ती पिंपरी-चिंचवडला वाढली, वडील रिक्षा चालवतात, आणि पंचायतीबद्दल तिला जे माहीत आहे ते इतरांसारखेच वर्तमानपत्रांतून. पाहुण्यांचा हिरमोड झाला. ते सद्भावनेनेच विचारत होते, त्यामुळे प्रसंग आणखी अवघड झाला. त्या मुलीला रिक्षावाल्यांचे उत्पन्न मोबाइल ॲपवरच्या कंपन्या आल्यापासून कसे बदलले याचा अभ्यास करायचा होता, आणि त्यासाठी ती स्वतःहून मार्क्सच्या श्रममूल्याच्या सिद्धान्ताशी झटत होती. ते मात्र तिला कोणी विचारले नाही.

राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये एका लेखात भारतातल्या सामाजिक शास्त्रांना एक रोखठोक प्रश्न विचारला होता, की ही शास्त्रे स्वतः कितपत समतावादी आहेत. सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि अनुभवाची सामग्री पुरवणारे शूद्र अशी श्रमविभागणी या शास्त्रांच्या आतच झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर मोठा वाद झाला, आणि अनुभव नसलेल्याला सिद्धान्त मांडण्याचा अधिकार आहे की नाही, या दिशेने तो बराच गेला. मला त्या लेखातली दुसरी बाजू वर्गाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे अनुभव आहे असे आपण गृहीत धरतो, त्याला सिद्धान्त मांडण्यापासून आपण रोखतो का, आणि कसे? माझे उत्तर असे की आपण त्याला अडवत नाही. आपण त्याचे कौतुक करून त्याला अनुभवापाशीच बसवून ठेवतो.

याची प्रचीती मला मुक्ता साळवेंचा निबंध शिकवताना हटकून येते. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी तेव्हा चौदा वर्षांच्या आसपास होती. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापून आला. निबंध वाचून झाला की वर्गातून ‘हृदयद्रावक’, ‘अंगावर काटा आला’ असे शब्द येतात, आणि अभ्यासक्रमातही तो बहुधा आत्मकथनांच्या घटकात टाकलेला असतो. तेव्हा मी मुलांना पेन्सिल घ्यायला लावते आणि दुःखाचे वर्णन असलेली सगळी वाक्ये खोडायला सांगते. जे उरते तो एक युक्तिवाद असतो. वेद ब्राह्मणांचे असतील आणि इतरांना ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर त्या ग्रंथावर उभा असलेला धर्म आमचा कसा, आणि तो आमचा नसेल तर आमचा धर्म कोणता, असा तो क्रम आहे. ग्रंथावरची मालकी आणि समूहाचे सदस्यत्व यांचा संबंध तपासणारे हे विधान आहे; धर्माच्या समाजशास्त्राच्या पेपरात ते कुठेही शोभेल. चौदा वर्षांच्या मुलीने ते केले, समाजशास्त्राचा एक संस्थापक मानला जाणाऱ्या डर्कहाइमचा जन्म व्हायला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता, आणि आम्ही मात्र त्याला ‘व्यथा’ म्हणून गुण देतो.

दुसरे उदाहरण नेमके उलट्या बाजूचे आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात साताऱ्याची शाळा नाही, गोणपाट नाही, पाण्याची गोष्ट नाही. स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग न सांगता त्यांनी जातीची व्याख्या जातीअंतर्गत विवाहावर बेतली, आणि तो विवाहनियम टिकवायचा तर प्रत्येक गटाला स्त्री-पुरुषांची संख्या जुळवावी लागते, या एका सूत्रातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांचा उलगडा केला. जाती पसरल्या कशा, हे सांगताना त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्दच्या अनुकरणाच्या नियमांचा (वरच्यांचे पाहून खालचे तसे वागू लागतात) आधार घेतला: काहींनी दार लावून घेतले, बाकीच्यांना ते आपल्यावर लावलेले आढळले. स्वतःचे अनुभव त्यांनी पुढे लिहिले, पण तेही त्यांच्या हयातीत पुस्तक म्हणून बाहेर आले नाहीत. म्हणजे काय सांगायचे, कधी सांगायचे आणि कुठे अजिबात सांगायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या विद्यार्थ्याने आपल्याकडे ठेवला होता. कोलंबियातल्या प्राध्यापकांनी त्यांना ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटले असते तर काय झाले असते, याचा मी कधीकधी विचार करते.

अनुभव वर्गात आणूच नये, असा मात्र याचा अर्थ मी घेत नाही. आणायचा तर तो सर्वांनी आणला पाहिजे आणि सर्वांनी त्याच्याकडे सामग्री म्हणून पाहिले पाहिजे. यासाठी पहिल्या सत्रात मी एक लेखी काम देते. प्रत्येकाने आपल्या घराच्या तीन पिढ्यांचा अभ्यास करायचा: जमीन आणि घर, शिक्षण, काम, आणि लग्ने कुठे झाली. ऐकीव गोष्टी चालतील, पण प्रत्येक मुद्द्याला शक्यतो एक कागद जोडायचा. ज्याला एखादी गोष्ट सांगायची नसेल त्याने ती गाळावी. कारण विचारले जाणार नाही आणि गुण कापले जाणार नाहीत. सुरुवात मी माझ्या घरापासून करते. माझे आजोबा फलटण तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर दुसऱ्याची जमीन खंडाने करणारे माळी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घरात पैसा बेताचा होता, पण गुरुजींच्या घरात असतात तशी पुस्तके होती, शब्दकोश होता, आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा हे ठाऊक असलेला माणूस होता. शेवटचा मुद्दा मुलांना आधी क्षुल्लक वाटतो. स्वतःचे लिहायला बसल्यावर तसा वाटत नाही.

या कामात दर वर्षी एक गंमत घडते, आणि ती मला अजून जुनी झालेली नाही. कागद जोडायचे म्हटल्यावर आरक्षित प्रवर्गातल्या मुलांकडे जाडजूड फाइल तयार असते आणि खुल्या प्रवर्गातली मुले गोंधळतात. जात पडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो; त्यापायी आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, चुलत आजोबांचा जन्माचा दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र असे सगळे त्यांच्या वडिलांनी तालुक्याला खेटे घालून गोळा केलेले असते. गेल्या दोन-तीन वर्षांत मराठा समाजातल्या मुलांकडेही असे कागद दिसू लागले आहेत, कारण कुणबी नोंदींसाठी घरोघर मोडीतली जुनी दप्तरे शोधली जात आहेत. म्हणजे सरकारने यांना तीन पिढ्यांचा इतिहास आधीच लिहायला लावलेला आहे, फक्त तो स्वतःला सिद्ध करण्यासाठी. ज्याला कधीच काही सिद्ध करावे लागले नाही त्याच्याकडे कागद नाहीत, आणि त्यामुळे त्याला असे वाटत आलेले असते की आपल्या घराला जातीचा इतिहासच नाही. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी ‘सर्वसाधारण प्रवर्ग’ हा कसा घडत गेला याचे विवेचन करताना हेच दाखवले आहे, की जातीचा लाभ एकदा शिक्षणात, नोकरीत आणि मालमत्तेत रुजला की मग जात सोडून दिल्यासारखे वागता येते. हे वाक्य म्हणून सांगितले तर वर्गात भांडण होते. कागदांच्या शोधातून ते आपोआप कळते.

मग ती मुले आजीला विचारतात, आणि खरोखर मोलाचे काही घेऊन येतात. पुण्यातल्या एका ब्राह्मण घरातल्या मुलीने पणजोबांविषयी लिहिले होते. ते कोकणातून एका धोतरावर पुण्याला आले आणि वार लावून जेवले. आठवड्याच्या सात दिवसांना सात घरे. या कष्टांचा घरात अभिमान होता आणि तो रास्तच होता. टिपण वर्गात वाचून झाल्यावर साताऱ्याकडच्या एका मुलाने सहज विचारले, की ही सात घरे पणजोबांना कशी सापडली. त्या प्रश्नावर आम्ही दोन तासिका घालवल्या. गरिबी खरी होती, भूकही खरी होती, पण अनोळखी शहरात सात दारे वाजवता येतील आणि ती उघडतील याची खात्री ही गरिबीतही सोबत असलेली संपत्ती होती. दुसऱ्या जातीच्या तितक्याच हुशार आणि तितक्याच उपाशी मुलाला त्या दारांशी जाता येत नव्हते. त्याच्यासाठी वसतिगृह बांधावे लागले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या बोर्डिंगांना जागा आणि उत्पन्ने दिली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींची मुले एकत्र ठेवून बोर्डिंग काढले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे आजोबा भाऊरावांच्याच रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेले होते. एकाच काळातल्या दोन गरीब विद्यार्थ्यांपैकी एकाची सोय समाजाने न बोलता केली आणि दुसऱ्याच्या सोयीसाठी चळवळ उभारावी लागली. पुढे याच चळवळीला ‘सवलत’ म्हटले गेले आणि त्या न बोलता झालेल्या सोयीला कोणतेच नाव मिळाले नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूचे सामाजिक भांडवल, म्हणजे ओळखीपाळखीतून मिळणारे बळ, त्यानंतर शिकवायला मला फारसा वेळ लागला नाही.

जमिनीच्या रकान्यात याहून अवघड गोष्टी निघतात. १९४८ चा कूळ कायदा आणि त्याच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळांना मिळालेली मालकी, हा भाग पुस्तकात जेमतेम एका परिच्छेदात उरकलेला असतो. वर्गात मात्र तो कुणाच्या घरी ‘आमच्या जमिनी गेल्या’ असा येतो, तर कुणाच्या घरी ‘आम्हाला जमीन मिळाली’ असा. माझ्या आजोबांना ती मिळाली, म्हणून माझे वडील शिकले, म्हणून मी इथे उभी आहे, हे मी सांगते. एका वर्षी ज्या मुलाच्या घरी जमीन गेली होती तो आणि ज्याच्या घरी ती आली होती तो, असे दोघेही आपापले म्हणणे बऱ्याच आवेशाने मांडत होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या बौद्ध समाजातल्या एका मुलाने शांतपणे सांगितले की त्याच्या पणजोबांचे नाव सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्यात नव्हतेच, पण कुळाच्या रकान्यातही नव्हते. घरात होते ते महार वतन, म्हणजे गावकीच्या कामाच्या मोबदल्यात मिळालेली जमीन, आणि ते १९५८ च्या कायद्याने खालसा झाले. एका घराचे नुकसान, दुसऱ्याचा न्याय आणि तिसऱ्याची नोंदच नाही. आंबेडकर ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, तिची व्याख्या मी त्याआधी कित्येकदा फळ्यावर लिहिली होती. या व्यवस्थेत प्रत्येकाला कोणीतरी वरचा आणि कोणीतरी खालचा असतो, त्यामुळे सगळे पीडित मिळून तिच्याविरुद्ध उभे राहत नाहीत, असे तिचे सार आहे. त्या मुलाने ते एका रकान्यात दाखवले. आणि ते अनुभवकथन नव्हते. महसुली नोंदींच्या पद्धतीबद्दलचे ते निरीक्षण होते. मी त्याला तसे सांगितले, आणि पुढे त्याने त्यावरच लघुप्रबंध केला.

आरक्षणाचा विषय येतो तेव्हा हे सगळे कमी पडते की काय, अशी स्थिती अलीकडे असते. २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणे, फेब्रुवारी २०२४ चा दहा टक्क्यांचा नवा कायदा आणि त्याभोवतीची आंदोलने, ही वर्गातल्या मुलांच्या दृष्टीने समाजशास्त्राची उदाहरणे नाहीत; त्यांतले काही स्वतः मोर्च्यांना गेलेले असतात, काहींचे भाऊ ओबीसींच्या मेळाव्यांना. जालना जिल्ह्यातल्या, दोन एकर कोरडवाहू शेतीच्या घरातल्या एका मुलाने मला विचारले होते, की पुस्तकात आमची जात प्रभुत्वशाली आहे, तर ते प्रभुत्व माझ्या बापाच्या वाट्याला का आले नाही. प्रश्नात राग होता, आणि प्रश्न अगदी अचूक होता. जातीचे प्रभुत्व म्हणजे जातीतल्या प्रत्येक घराचे प्रभुत्व नव्हे. साखर कारखाने, सहकारी बँका आणि शिक्षणसंस्था थोड्या घराण्यांकडे आहेत, आणि त्यांच्या सत्तेला संख्याबळ पुरवणारी घरे कोरडवाहूच राहिली आहेत. हे समजून घ्यायला त्याला वेळ लागला नाही. भाड्याची खोली शोधताना त्याला आडनाव विचारले गेले तेव्हा काय झाले आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या बौद्ध मित्राला विचारले गेले तेव्हा काय झाले, या तुलनेपाशी मात्र तो बराच काळ अडला. गरिबी आणि अप्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरचा इलाज दुसरीला लागू पडतोच असे नाही, हे व्याख्यानाने पटत नाही. त्या वर्षी ते पटले की नाही, हेही मला सांगता येणार नाही. ते दोघे पुढे एकाच खोलीत राहिले एवढे ठाऊक आहे, पण भाडे दोघांत वाटले जाते हे त्याचे साधे कारणही असू शकते.

भाषेबद्दल लिहायला बसले तर संपणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्याकडे उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा आहे. वाचायचे मात्र जवळजवळ सगळे इंग्रजीत आहे. प्रश्नपत्रिकेवर मराठी प्रश्नांच्या सुरुवातीलाच सूचना छापलेली असते, की संदर्भासाठी मूळ इंग्रजी प्रश्नपत्रिका पाहावी. म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही म्हणून मराठी प्रश्न दिला, त्याला शंका आली तर इंग्रजी पाहायचे. मधली पोकळी गाइड भरून काढते. गाइडला नावे ठेवणे सोपे आहे, पण वर्गातल्या निम्म्या मुलांपर्यंत वेबरसारखा अभिजात समाजशास्त्रज्ञ पोहोचतो तो त्याच पिवळट कागदावर. मूळच्या अमेरिकन अभ्यासक गेल ऑमव्हेट यांनी सत्यशोधक चळवळीवर बर्कलीला पीएच.डी. केली, त्यासाठी मराठीतली जुनी पत्रे आणि पत्रके चाळली, आणि नंतर आयुष्य सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला काढले. त्याच वाळवा तालुक्यातून आलेली मुले आपल्याच आज्या-पणज्यांच्या चळवळीची माहिती त्यांच्या इंग्रजी प्रबंधाच्या गाइडातल्या सारांशावरून लिहितात. यात ऑमव्हेट यांचा काहीच दोष नाही. मूळ मराठी साधने विद्यापीठाच्या वाचनयादीत नाहीत, कारण ती ‘प्राथमिक साधने’ आहेत, आणि सिद्धान्त म्हणजे दुय्यम साहित्य, म्हणजे इंग्रजी, अशी आमची समजूत पक्की आहे.

आणि हे सगळे शिकवणार कोण? बहुतेक महाविद्यालयांत समाजशास्त्राचा पेपर तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे असतो. तो नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, अनेकदा पीएच.डी. झालेला, बहुधा आपल्या घरातला पहिला पदवीधर असतो. त्याला शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने थांबून. विषमतेवर व्याख्यान देऊन बाहेर पडल्यावर तो दुसऱ्या महाविद्यालयाची बस पकडतो. तीन पिढ्यांचे टिपण तपासायला, त्यावर प्रत्येकाशी बोलायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे त्याला कोणी देत नाही. पूर्णवेळ नोकरी असल्यामुळे मला हे प्रयोग परवडतात, हे मी विसरू शकत नाही. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी सरकारला विचारले होते, की महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे कसे. आज कष्टकऱ्यांची मुले उच्च शिक्षणाच्या दारातून आत आली आहेत, आणि नेमक्या याच काळात तिथे शिकवण्याचे काम रोजंदारीवर गेले आहे.

दोन वर्षांपूर्वी अभ्यासक्रमाची फेररचना चालली होती, तेव्हा आंबेडकरांचा १९१६ चा निबंध आणि मुक्ता साळवेंचा निबंध पहिल्या सत्रातल्या अभिजात सिद्धान्ताच्या सक्तीच्या पेपरात घ्यावेत, अशी सूचना मी केली. कोणी विरोध केला नाही. आमच्याकडे अशा गोष्टींना विरोध करण्याची पद्धत राहिलेली नाही. तो पेपर मार्क्स, डर्कहाइम आणि वेबर यांनीच भरलेला आहे, क्रेडिट वाढवता येणार नाहीत, आणि फुले-आंबेडकर तर चौथ्या सत्रात आहेतच, असे सांगण्यात आले. चौथ्या सत्रातला तो पेपर ऐच्छिक आहे. तो कोण निवडते आणि त्याच वेळी ‘जागतिकीकरण आणि समाज’ कोण निवडते, हे हजेरीपटावरची आडनावे वाचली की कळते. मी तेव्हा फार वाद घातला नाही, कारण पहिल्या सत्राच्या पेपरात डर्कहाइमच्या घटकाखाली ‘समकालीन टीकाकार’ अशी एक ओळ आहे आणि तिच्यात नावे दिलेली नाहीत. तार्द हा डर्कहाइमचा समकालीन आणि कडवा टीकाकार. त्याचे अनुकरणाचे नियम शिकवायचे, तर ते भारतीय समाजाला कोणी लावून पाहिले हे सांगणे ओघानेच येते, आणि मग श्रीनिवासांनी १९५२ मध्ये मांडलेल्या संस्कृतीकरणाच्या, म्हणजे खालच्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलण्याच्या कल्पनेच्या, छत्तीस वर्षे आधी हा विचार कोणी केला होता, हेही मुलांना स्वतःच ताडून पाहता येते. या घटकाला सहा तासिका आहेत, त्यांतल्या चार मी त्यासाठी ठेवते. मुक्ता साळवेंना अजून जागा सापडलेली नाही. डर्कहाइमच्या धर्मविषयक घटकात पवित्र आणि अपवित्र यांच्यानंतर एक तासिका मोकळी दिसते, यंदा तिथे पाहणार आहे.